यंत्रांसकट

वाइकोरा गावाबाहेरची मोठी शेड विकली गेल्याचं लॉर्ना टलकला बेवच्या चहाच्या दुकानात कळलं. मुलांना शाळेत सोडून, बस समोर लावून ती रोजच्यासारखी आत आली होती. बेवनं तिच्यापुढे चीज रोलची बशी ठेवली आणि ठेवता ठेवताच म्हणाली, "ऐकलंस का? शेड गेली. परदेशातली कुठलीशी बडी कंपनी आहे, कॉम्प्युटरवाली."

"कोण म्हणतं?"

"पेपरात आलंय. नाव नाही छापलेलं. पण जशीच्या तशी घेतलीय म्हणे, यंत्रांसकट."

लॉर्नानं उचललेला रोल परत बशीत ठेवला. "यंत्रांसकट? तसंच लिहिलंय?"

"अगं, वाच ना तूच."

तिनं वाचलं. तसंच लिहिलं होतं.

शेड म्हणजे खरं तर डेटा सेंटर, पण गावात तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. खिडक्या नसलेली करड्या पत्र्याची ती लांबलचक इमारत काही वर्षांपूर्वी उभी राहिली, ती इथली हवा थंड आणि धरणाची वीज जवळ म्हणून. देशभरातल्या लहानसहान कंपन्यांनी आपली यंत्रं तिथं आणून ठेवली. मग मालकाचं दिवाळं वाजलं, कोर्टाच्या माणसानं वीज तोडून फाटकाला कुलूप घातलं, आणि यंत्रं आत तशीच अंधारात राहिली. आता अशी मेलेली जागा कुणी का घ्यावी, यावर दुकानात एकेकाचं डोकं चालायला लागलं.

"पाण्यासाठी," अँगस म्हणाला. त्याच्या गाई नदीकाठी चरायच्या आणि पाण्याच्या परवान्यावरून त्याचं कौन्सिलशी कायम वाजलेलं असायचं. "यंत्रं तापतात. थंड करायला पाणी लागतं. नदी पिऊन टाकतील, बघत राहा."

"तुला सगळीकडे तुझी नदीच दिसते. अरे, माणसं घेतील, माणसं!" डूगी ज्या खाटीकखान्यात कामाला होता तो बंद पडल्यापासून घरीच होता. "एवढी शेड चालवायला शंभर माणूस तरी लागेल."

"मला विचाराल तर," बेव काउंटर पुसत म्हणाली, "कुणीतरी गडगंज माणूस जगबुडीची वाट बघतोय. लपायला जागा हवीय त्याला."

"मग जेवायला तुझ्याकडेच येईल की."

"येऊ दे. जगबुडी असली तरी उधारी नाही म्हणावं."

ज्याला जे हवं होतं किंवा ज्याची धास्ती होती, तेच त्याला शेडमध्ये दिसत होतं. सगळे हसले. लॉर्ना हसली नाही. ती म्हणाली, "आत जे आहे त्याच्यासाठीच घेतली असेल तर? यंत्रांमध्ये जे भरून ठेवलंय त्यासाठी?"

"जुना फ्रीझर कुणी आतल्या मटणासाठी घेतं का, लॉर्ना?" अँगस म्हणाला.

"अँगस, गप बस," बेव हलकेच म्हणाली. अँगसच्या लक्षात आलं आणि तो कपात बघू लागला.

लॉर्नाचा एकुलता एक मुलगा स्ट्रूअन चार वर्षांपूर्वी ऑयस्टर शिंपले काढणाऱ्या बोटीवर गेला होता. ब्लफ बंदरातून बोट निघाली, सामुद्रधुनीत वादळानं उलटली. तिघांपैकी दोघं सापडले. स्ट्रूअन नाही सापडला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, पण पेटी नव्हती, खड्डा नव्हता, माती टाकायला काही नव्हतं.

राहिला होता तो त्याचा आवाज. बंदरातून निघताना त्यानं आईला फोन लावला होता. ती बस चालवत होती, म्हणून निरोप व्हॉइसमेलवर गेला. "आई, मी निघतोय. बाबांना सांग, त्यांचा तेल पाजलेला कोट मी घातलाय, नाहीतर घरभर शोधत बसतील. आणि अगं..." मग वारा, मागून कुणाची तरी हाक, स्ट्रूअनचं हसू, आणि फोन बंद. त्याआधीचेही बरेच निरोप होते. कुत्र्याला खायला घाल, गाडीची चावी कुठे ठेवलीस, उशीर होईल. लॉर्ना रोज दुपारी, मुलं सुटायच्या आधी, बसमध्ये एकटीच बसून व्हॉइसमेलचा नंबर लावायची आणि एकेक निरोप ऐकायची. कुणीतरी तिला म्हणालं होतं की दुसऱ्या फोनवर उतरवून घे. ती म्हणायची, घेते, घेते. आवाज हाकेच्या अंतरावर होता. घाई कसली?

तिचा फोन टसक मोबाइल नावाच्या इथल्याच लहानशा कंपनीचा होता, आणि त्या कंपनीची यंत्रं शेडमध्येच होती. शेड बुडाली तशी टसकही बुडाली. एका दुपारी लॉर्नानं नंबर लावला तर नुसता एकसुरी टोन आला. तिनं कोर्टाच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "बाई, काही पुसलेलं नाही. सगळं आत आहे तसं बंद केलंय."

त्या एका वाक्यावर तिनं पुढचे दिवस काढले. बसची वाट शेडवरूनच जात असे. मुलांचा गलका चाललेला असायचा आणि ती त्या करड्या पत्र्याकडे एकदा बघून घ्यायची. आहे. आत आहे.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. मर्डो शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होता. तोही जन्मभर बोटींवरच राबला होता. मुलगा गेल्यापासून तो समुद्राकडे फिरकला नव्हता आणि मुलाचं नावही त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

"यंत्रांसकट घेतलीय, मर्डो. म्हणजे त्यांना यंत्रं हवीत. म्हणजे चालू करतील."

"करतील."

"असं काय बोलतोस?"

"मग कसं बोलू?" त्यानं सुरी खाली ठेवली. "तो सामुद्रधुनीत आहे, लॉर्न. शेडमध्ये नाही."

"त्याचा आवाज आहे."

"आवाज," तो म्हणाला आणि पुन्हा सोलायला लागला.

कंपनीचं नाव महिनाभर कुणालाच कळलं नाही. लॉर्नानं पेपरवाल्याला, जमीन विकणाऱ्या दलालाला, कौन्सिलमधल्या बाईला, सगळ्यांना फोन केले. प्रत्येकजण अंदाज सांगायचा, आणि प्रत्येक अंदाजानं तिला झोप तरी यायची किंवा तिची झोप उडायची. दलाल म्हणाला, हल्ली या कंपन्यांना जुनी माहितीच हवी असते, माणसांची बोलणी ऐकवून मशीनला बोलायला शिकवतात. त्या रात्री ती बाळासारखी झोपली. बोलणी हवीत म्हणजे स्ट्रूअनचं बोलणंही ठेवतील! मग कौन्सिलमधली बाई म्हणाली, नुसती जागा अडवायला घेतली असेल, दुसऱ्या कंपनीला मिळू नये म्हणून. यावरही लॉर्नानं स्वतःची समजूत काढली. अडवून ठेवतील तर कुलूप तसंच राहील. कुलूप राहिलं तरी चालेल.

एकच अंदाज ती जवळ येऊ देत नव्हती, आणि तोच गावच्या हॉलमध्ये तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

कंपनीनं सभा घेतली. ऑकलंडहून सेफिना तुइआसाउ नावाची इंजिनीअर बाई आली होती. शेड तिच्याच ताब्यात दिलेली होती. वय चाळिशीचं, अंगानं थोराड, मूळची सामोआ बेटांवरची. बरोबर परदेशातला एक गोरापान, गुळगुळीत बोलणारा माणूस होता. अँगसनं पाण्याचं विचारलं, डूगीनं नोकऱ्यांचं. त्या माणसानं प्रत्येकाला हसून असं उत्तर दिलं की खाली बसल्यावर त्यात काहीच नव्हतं हे कळावं. कशाला घेतली शेड, या प्रश्नाला तो म्हणाला, "आमच्या भविष्यातल्या योजनांबद्दल आत्ता बोलता येणार नाही."

"मग आलात कशाला, चहा प्यायला?" मागून डूगी ओरडला.

लॉर्ना उभी राहिली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "आत जुनी यंत्रं आहेत. त्यात लोकांचं काय काय आहे. त्याचं काय करणार?"

त्या माणसाचा चेहरा उजळला. अखेर सरळ उत्तर देता येईल असा प्रश्न कुणीतरी विचारला होता. "उत्तम प्रश्न. कुणीही काळजी करू नका. आतली प्रत्येक डिस्क आम्ही इथंच, आवारातच, यंत्रात घालून तिचा चुरा करणार आहोत. तुमची कुठलीही खाजगी गोष्ट कुणाच्या हाती लागणार नाही."

आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. लोक निर्धास्त झाले होते. अँगसनंही वाजवल्या. लॉर्ना खुर्चीची पाठ धरून त्या टाळ्यांमध्ये उभी राहिली.

सभा सुटल्यावर तिनं सेफिनाला गाडीपाशी गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"मिसेस टलक, मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण त्या डिस्कवर हजारो माणसांचं असतं. तुमच्यासाठी उघडली तर त्यांचंही उघडलं जातं. कायदाच आहे तसा. माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"खरं सांगू? मलाही नाव ठाऊक नाही. वरून मेल येतो, मी करते."

"तुम्हाला आई आहे?"

"होती," सेफिना म्हणाली आणि गाडीचं दार उघडून थांबली. "सोमवारी मशीन येतंय. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

लॉर्नानं शनिवार-रविवार फोनवर काढला. इन्व्हरकार्गिलच्या वकिलानं सांगितलं, आवाज तुमचा असला तरी डिस्क तुमची नाही. खासदाराच्या ऑफिसात मशीनच बोललं. रविवारी चर्चमध्ये ती उठबस करत होती, पण पाद्री काय बोलला ते तिच्या कानात शिरलं नाही. घरी आल्यावर ती मर्डोला म्हणाली, "तू काहीच करणार नाहीस?"

"काय करू?"

"आरड की! कुणाच्या तरी अंगावर ओरड!"

मर्डो उठला, कुत्र्याला घेऊन बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

सोमवारी तिनं मुलांना शाळेत सोडलं. शेवटचं मूल उतरेपर्यंत तिनं काही ठरवलंही नव्हतं. बेवच्या दुकानासमोर ब्रेकवर पाय गेलाच नाही, एवढंच. बस सरळ शेडच्या रस्त्याला लागली. फाटक उघडं होतं आणि दूरवरून एक मोठा पांढरा ट्रक येताना दिसत होता. तिनं पुढं मागं करत बस फाटकात आडवी लावली, वर्षानुवर्षं बस चालवणारी बाई लावते तशी, एका वितीचीही फट न ठेवता. इंजिन बंद केलं. दार आतून लावलं आणि चावी बुटात टाकली.

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. मग उतरून काचेवर टकटक केली. मग शिव्या दिल्या. लॉर्ना समोर बघत बसली. दक्षिणेचा वारा बसला हलवत होता.

थोड्या वेळानं पोलिसाची गाडी आली. रेवी पराटा उतरला. गावात पोलीस म्हणून तो एकटाच, आणि पहिलीपासून लॉर्नाच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्यानं टोपी काढून खिडकीशी तोंड आणलं.

"आँटी, काय हे?"

"दिसतंय ना."

"दिसतंय म्हणूनच विचारतोय. बाजूला घ्या. मला लिहून घ्यायला लावू नका."

"लिही. खुशाल लिही. बस थांबवून तुझं ओकलेलं पुसलंय मी, रेवी. आज तू माझ्यावर गुन्हा लिही."

"आता ते सगळ्यांसमोर कशाला..." त्यानं ट्रकवाल्याकडे चोरून पाहिलं. "काच फोडावी लागेल, आँटी."

"फोड."

त्यानं फोडली नाही. तो मागे सरून गाडीला टेकून उभा राहिला आणि त्यानं दोन फोन केले. पहिल्या फोनवर मर्डो आला, तो कुत्र्यासकट, आपल्या जुन्या गाडीतून. मर्डो बसच्या दाराशी येऊन नुसता उभा राहिला. लॉर्नाला वाटलं, आता हा आपल्याला ओढून नेणार. ती म्हणाली, "तू जा घरी."

"दार उघड, लॉर्न. थंडी आहे."

तिनं उघडलं. तो चढला, दार परत लावलं आणि तिच्या मागच्या सीटवर बसला. मग मागून त्याचा आवाज आला.

"मला ऐकायचं नव्हतं असं नाही."

लॉर्ना वळली नाही.

"त्या निरोपात माझा कोट आहे," मर्डो म्हणाला. "जड, तेल पाजलेला. तसल्या कोटात पोहता येत नाही कुणाला. तू रोज ऐकायचीस आणि मला वाटायचं, रोज तो घालतोय. रोज."

लॉर्नानं हात मागे केला. त्यानं तो धरला नाही, पण आपलं कपाळ त्या हाताला टेकवलं.

दुसऱ्या फोनवर सेफिना आली. आवारातून चालत येऊन ती काचेबाहेर वाऱ्यात उभी राहिली, तेव्हा लॉर्नानं तिलाही आत घेतलं. सेफिना लहान मुलांच्या सीटवर कशीबशी मावली.

"किती वेळ बसणार?" तिनं विचारलं.

"तुम्ही ते मशीन परत पाठवेपर्यंत."

"ते नाही जाणार."

"मग मीही नाही जाणार."

बाहेरून रेवी ओरडला, "आँटी, तीन वाजता मुलं सुटतात! माझी दोन आहेत त्यात. कोण आणणार त्यांना?"

लॉर्नाचा चेहरा पडला. याचा तिनं विचारच केला नव्हता. एवढ्या वर्षांत तिची बस एकदाही चुकली नव्हती. वाऱ्यात शाळेच्या कुंपणाशी रांगेत उभी असलेली पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले.

"एक करा माझ्यासाठी," ती सेफिनाला म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं, नुसती गयावया होती. "एकदा बघा तरी. चालू करून बघा. मला देऊ नका. तुम्ही ऐका. तुम्ही ऐकून मला सांगा, तो बोलतोय म्हणून. मग काय हवं ते करा. मी पाया पडते तुमच्या."

सेफिनानं काचेतून ट्रककडे पाहिलं. मग म्हणाली, "टसकचं कपाट कुठलं ते मला शोधावं लागेल. दोनतीन दिवस. मी ते शेवटी ठेवते. आधी बाकीचं दळू दे. वरती सांगितलं तर नाहीच म्हणतील, म्हणून सांगत नाही. एवढंच करू शकते. आता जा, मुलांना आणा."

"फसवणार नाही ना?"

"माझ्या आईची शपथ."

लॉर्नानं बुटातून चावी काढली.

ते दोनतीन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. शेडवरून जाताना आता आतून खडखडाट ऐकू येई, दगड दळल्यासारखा. मुलं कानांवर हात ठेवून खिदळायची. बसच्या ठेकेदाराचा फोन आला. शाळेची बस घेऊन असले प्रकार चालत नाहीत, हे सत्र संपेपर्यंत चालवा, पुढं आम्ही दुसरं माणूस बघू. लॉर्ना म्हणाली, "बरं." रिसीव्हर ठेवल्यावर ठेकेदार काय बोलला हेही तिला आठवेना. मर्डो तिच्यासाठी जेवण करायचा आणि ते थंड व्हायचं.

सेफिनाचा फोन आला आणि लॉर्ना तशीच बस घेऊन गेली, मागोमाग मर्डो आपल्या गाडीतून. टसकचं कपाट सापडलं होतं. सेफिनानं एका कोपऱ्यात टेबल मांडलं होतं आणि त्यावर डिस्क एका यंत्राला जोडून ठेवल्या होत्या. त्या फिरत होत्या. बारीक, सतत, झोपेत घोरल्यासारखा आवाज येत होता.

"चालल्या?" लॉर्नानं तोंडावर हात घेतला.

"चालल्या. सगळ्या चालल्या," सेफिना म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "पण टसकनं सगळं कुलूपबंद करून ठेवलंय. कुलूप म्हणजे आकड्यांचं. किल्लीशिवाय हा नुसता कचरा आहे. मी सगळं करून बघितलं, मिसेस टलक. ऑकलंडच्या मैत्रिणीलाही विचारलं. हे फुटत नाही."

"किल्ली कुणाकडे?"

"ज्याची कंपनी होती त्याच्याकडे असली तर."

टसकचा मालक क्रेग हाल्डेन ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला जाऊन राहिला होता. नंबर कोर्टाच्या माणसानं दिला. लॉर्नानं तिथंच, त्या फिरणाऱ्या डिस्कपाशी उभं राहून फोन लावला. पलीकडे समुद्राचा आणि मुलांचा आवाज येत होता. तिनं सांगितलं.

"तुम्ही टलक म्हणालात? बोटीवरचा मुलगा?"

"हो."

"त्याला फोन मीच विकला होता. दुकानात होतो तेव्हा. बाई, किल्ली भाड्याच्या यंत्रावर होती. भाडं थकलं तशी त्यांनी ते नेलं आणि पुसलं. माझ्याकडे नाही. असती तर मी आजच्या विमानानं घेऊन आलो असतो. खरंच आलो असतो."

"कागदावर? कुठं लिहून ठेवली असेल? आठवून बघा."

"ती आठवायची गोष्ट नसते हो."

"बघा ना आठवून," लॉर्ना म्हणाली. "थोडी तरी आठवते का बघा."

मर्डोनं तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि हाल्डेनला "थँक्यू" म्हणून बंद केला.

डिस्क फिरतच होत्या. लॉर्नानं पुढं होऊन एकीवर तळवा ठेवला. ती कोमट होती. आत कुठंतरी तो होता, जसाच्या तसा, एक अक्षरही न हरवता, आणि जगात कुणालाही तो कधी ऐकू येणार नव्हता. इतके दिवस तो आत आहे यावर ती जगली होती. आणि तो खरोखरच आत होता.

"मला या ठेवून घेता येणार नाहीत," सेफिना म्हणाली. "उद्या चुरा केलेल्या डिस्कची मोजदाद आहे. तुम्हाला हवं तर... मी करते, तुम्ही घरी जा. किंवा थांबा. तुम्ही म्हणाल तसं."

"मी करते," लॉर्ना म्हणाली.

ट्रकमधलं मशीन म्हणजे वर तोंड असलेली लोखंडी पेटी होती. सेफिनानं तिला जाड हातमोजे दिले. एकेक डिस्क हातात घेतली की ती हातमोज्यातूनही कोमट लागे. लॉर्ना प्रत्येक वेळी क्षणभर थांबे आणि मग सोडून देई. खडखडाट होई आणि थांबे. मर्डो शेजारी टोपी हातात धरून उभा होता, दफनाला उभं राहावं तसा. शेवटच्या डिस्कच्या वेळी तिला हात सोडवेना. तेव्हा त्यानं आपला हात तिच्या हाताखाली धरला, आणि दोघांनी मिळून ती टाकली.

खालच्या टोपलीत चंदेरी चुरा पडला होता. त्या आठवड्यातल्या सगळ्या चुऱ्यात तो मिसळून गेला होता.

"यातलं थोडं..." लॉर्नानं विचारलं.

"यातलं तुमचं कुठलं ते मलाही सांगता येणार नाही," सेफिना म्हणाली.

लॉर्नानं मान हलवली. ती हातमोजे काढत म्हणाली, "मला एक सांगा. कशासाठी घेतली तुमच्या लोकांनी ही शेड?"

"मला सांगितलेलं नाही. पण माझा अंदाज विचाराल तर तारेसाठी. धरणापासून इथपर्यंत जी जाड वीजतार आलीय ना, तसली नवीन टाकायला परवानग्यांतच वर्षं जातात. इथं ती तयार होती. त्यांना तार हवी होती. शेड तिच्याबरोबर आली."

"आणि आतलं?"

"आतलं कुणी विचारातच घेतलं नाही, मिसेस टलक. यंत्रांसकट असं लिहितात, कारण उचलून न्यायचा खर्च विकणाऱ्याला नको असतो."

तीन वाजायला आले होते. लॉर्ना बसमध्ये चढली. मर्डो आपल्या गाडीकडे निघाला होता, तो थबकला आणि बसकडे वळला. "मी येऊ?"

"मुलं असतील."

"असू देत."

शाळेसमोर पोरं दप्तरं आपटत चढली. रेवीच्या धाकटीनं मर्डोकडे वळून वळून बघितलं आणि विचारलं, "हे कोण?" लॉर्ना म्हणाली, "माझा नवरा." "ते पण शाळेत जातात?" सगळी हसली. मर्डोही थोडा हसला. बस निघाली. खिडक्यांच्या काचा मुलांच्या श्वासानं धुरकटल्या, मागं कुणीतरी गाणं सुरू केलं, कुणीतरी कुणाची टोपी पळवली.

नदीवरचा पूल ओलांडल्यावर मर्डो पुढं वाकून हळूच म्हणाला, "स्ट्रूअन कुठल्या सीटवर बसायचा गं?"

चार वर्षांत त्यानं पहिल्यांदा ते नाव घेतलं होतं. लॉर्नानं वरच्या आरशात पाहिलं. डावीकडची खिडकी? मागची? दहा वर्षं तिनं स्वतःच्या मुलाला याच वाटेनं शाळेत नेलं होतं, आणलं होतं, याच आरशातून त्याच्यावर डोळे वटारले होते. ती एकेक सीट बघत गेली. प्रत्येक सीटवर दुसऱ्याचंच मूल होतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "मर्डो, मला आठवतच नाही."

तिनं बस रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. मागचं गाणं तुटक होत होत थांबलं. कुणीतरी कुजबुजलं, "बस बिघडली का?"

मर्डो उठून मुलांकडे तोंड करून उभा राहिला. "जरा थांबू या," तो म्हणाला. "तिला थोडं बरं वाटू दे. मग जाऊ."

मुलं थांबली. बाहेर अँगसच्या गाई कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या आणि वारा गवत एका बाजूला झोपवत होता. रेवीची धाकटी सीटवरून उतरून पुढं आली, लॉर्नाच्या खांद्याला एक बोट लावून बघितलं आणि परत जाऊन बसली. बऱ्याच वेळानं लॉर्नानं डोकं वर काढलं, बाहीनं तोंड पुसलं आणि बस पुन्हा रस्त्यावर घेतली, कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी वाट बघत होतं.